एका रस्त्याचे चार वेग

(कल्याण येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकाने रस्त्यांच्या आखणीवर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. मी अभियंता नाही आणि तसा आव आणण्याची माझी इच्छाही नाही. परंतु रस्ता ही केवळ खडी-डांबराची वस्तू नसते. कोणाचा वेळ वाचवायचा आणि त्याची किंमत कोणी मोजायची, याचा तो जमिनीवर उमटवलेला निर्णय असतो. तो निर्णय तांत्रिक भाषेआड दडलेला राहिला की त्याची चर्चा होत नाही. आज ती चर्चा सुरू करावी एवढाच माझा हेतू आहे.

प्रारंभ एका घटनेपासून करतो. माझा एक जुना विद्यार्थी मुरबाड तालुक्यातील एका गावी शिक्षक आहे. त्या गावाचा रस्ता अनेक वर्षे खडीचा होता. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धुरळा, आणि बारा महिने एस.टी.चा खडखडाट. मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली, आणि अखेर डांबरीकरण झाले. गावाने नारळ फोडला, पेढे वाटले. त्याच वर्षी शाळेजवळच्या वळणावर डोक्यावर मोळी घेऊन निघालेली एक आदिवासी स्त्री गाडीखाली सापडून मरण पावली. पंचनाम्यात कारण नोंदले गेले ते नेहमीचेच: भरधाव वेग. चालकावर खटला भरला गेला आणि प्रकरण मिटले. काही महिन्यांनी त्याच वळणावर दुसऱ्या एका चालकाच्या हातून एक सायकलस्वार मुलगा जायबंदी झाला. पुन्हा तोच पंचनामा, तेच कारण. चालक निराळे होते, वाहने निराळी होती; वळण मात्र एकच होते. त्या वळणाचे नाव कोणत्याही पंचनाम्यात आले नाही.

हे नाव का आले नाही, हा माझा आजचा विषय आहे.

आखणीचा वेग

रस्ता आखताना अभियंता प्रथम एक वेग गृहीत धरतो. इंग्रजीत त्याला ‘डिझाइन स्पीड’ म्हणतात. आपण त्याला आखणीचा वेग म्हणू. वळणाची त्रिज्या किती असावी, वळणावर रस्त्याची बाहेरची कड किती उचलावी, पुढचा रस्ता किती अंतरापर्यंत दिसावा, हे सारे या एका आकड्यावरून ठरते. १९४३ साली नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने राष्ट्रीय मार्गापासून ग्रामीण मार्गापर्यंत रस्त्यांची उतरंड घालून दिली. पुढे भारतीय रस्ते परिषदेने त्या उतरंडीतील प्रत्येक पायरीला तिचा वेग नेमून दिला. सपाट प्रदेशातील राष्ट्रीय मार्गाला ताशी १०० किलोमीटर, तर ग्रामीण मार्गाला ताशी ५०. जागा नसेल तेथे ४० चालतात. डोंगराळ भागात ग्रामीण मार्गाचा आकडा २५ वर, अगदी अडचणीत २० वर येतो.

ताशी ५० च्या हिशेबाने वळणाची त्रिज्या किमान ९० मीटर ठेवतात, आणि चालकाला अडथळा दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत सुमारे ६० मीटर लागतील असे धरतात. आता तीच गाडी त्याच वळणावर ताशी ७० ने आली असे समजा. वेग वाढला दीडपटीहूनही कमी, परंतु गाडीला बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून तो जवळजवळ दुप्पट होतो. बाहेरची कड जेवढी उचललेली आहे तेवढीच राहते. सारा वाढीव भार टायरच्या पकडीवर पडतो, आणि त्या पकडीकडून अपेक्षेच्या दुपटीहून बरीच जास्त मागणी होते. पावसात, घासलेल्या टायरवर, ती पुरी होईलच असे नाही. थांबायला लागणारे अंतर ६० वरून १०० मीटरांवर जाते. रस्ता मात्र ६० मीटरच दाखवीत असतो. उरलेल्या चाळीस मीटरांत कोण चालत असेल, हे चालकाला ठाऊक नसते.

या कल्पनेचा इतिहास पाहण्याजोगा आहे. अमेरिकन अभियंता जोसेफ बार्नेट याने १९३६ साली आखणीच्या वेगाची व्याख्या केली, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे रस्त्यावरची खरी माणसे होती. गावाबाहेर पडल्यावर वेगाने हाकणाऱ्या चालकांचा गट ज्या वेगाने जाईल, तो वेग आखणीसाठी धरावा, असा त्याचा आशय होता. म्हणजे मुळात ते लोकांच्या वागणुकीविषयीचे भाकीत होते. पुढे त्या भाकिताचे कोष्टक झाले. रस्त्याचा वर्ग पाहायचा, जमिनीचा उतार पाहायचा आणि कोष्टकातला आकडा उचलायचा. माणसे काय करतील हा प्रश्न विचारण्याचे कारणच उरले नाही.

आणि माणसे काय करतात? चालक कोष्टक वाचत नाही. तो रस्ता वाचतो. समोर लांब सरळ तुकडा दिसला, पृष्ठभाग गुळगुळीत लागला, रुंदी ऐसपैस वाटली, की पाय आपोआप दाबला जातो. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात दुपदरी ग्रामीण रस्त्यांवर प्रत्यक्ष वेग मोजले गेले, तेव्हा असे दिसले की ताशी ९० च्या खाली आखलेल्या वळणांवर वेगवान चालक आखणीच्या वेगाहून जोरात जातात, आणि त्याहून वरच्या वेगासाठी आखलेल्या वळणांवर ते उलट कमी वेगाने जातात. म्हणजे रस्ता जितका हलक्या प्रतीचा, तितके कोष्टक अधिक खोटे. आपला ग्रामीण मार्ग या उतरंडीच्या तळाशी आहे, हे लक्षात घ्या.

बैलगाडीची वाट, मोटारीचा पृष्ठभाग

आपल्याकडे याला आणखी एक कारण जोडले जाते. ग्रामीण महाराष्ट्रातील पुष्कळसे रस्ते कोऱ्या कागदावर कोणी आखलेलेच नाहीत. बैलगाडीची वाट होती. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीच्या कामांवर हजारो हातांनी माती उपसली, खडी फोडली आणि अशा वाटांचे कच्चे रस्ते केले. १९७७ सालच्या रोजगार हमी कायद्यामागची दृष्टी थोर होती, आणि त्या रस्त्यांनी गावे जोडली याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. परंतु वाट बांधावरून वळली तेथे रस्ताही वळला. वाटेने वडाला वळसा घातला तेथे रस्त्यानेही घातला. पुढे त्यावर खडीकरण झाले, मग डांबरीकरण. २००० सालच्या पंतप्रधान ग्राम सडक योजनेने आणि २०१५ पासूनच्या मुख्यमंत्री ग्राम सडक योजनेने या कामाला मोठी गती दिली. २०१९ साली केंद्राच्या योजनेचा तिसरा टप्पा मंजूर झाला. त्यात नव्या जोडणीऐवजी सव्वा लाख किलोमीटर अस्तित्वातील रस्त्यांची दर्जावाढ हे उद्दिष्ट होते.

दर्जावाढ म्हणजे मुख्यतः काय? पृष्ठभाग सुधारणे, आणि वाहतूक असेल तेथे रुंदी वाढविणे. खडबडीतपणा हा आतापर्यंत त्या रस्त्याचा अघोषित पहारेकरी होता. खड्ड्यांमुळे कोणी ताशी तीसच्या वर जाऊच शकत नव्हते, म्हणून बैलगाडीचे वळणही खपून जात होते. डांबराने तो पहारेकरी हटविला. वळण होते तेथेच राहिले. वाट बैलगाडीची आणि पृष्ठभाग मोटारीचा, अशी ही विजोड सोयरीक आहे.

रस्ता खराबच बरा, असे मी म्हणतो आहे असा कृपया अर्थ काढू नका. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून बाळंतिणीला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागल्याच्या बातम्या आजही येतात. ज्यांच्या घरापर्यंत चांगला रस्ता आहे त्यांनी इतरांना खड्ड्यांचे गुण सांगणे हा निर्लज्जपणा ठरेल. रस्ता हवाच. परंतु पृष्ठभाग बदलला की वेग बदलणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. ते आधी हिशेबात धरा, एवढीच मागणी आहे.

हिशेबाचा वेग

हे हिशेबात धरता येत नाही, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. येथे मी माझ्या स्वतःच्या शास्त्राकडे वळतो, कारण दोषाचा वाटा आम्हा अर्थशास्त्रज्ञांकडेही येतो.

मोठ्या रस्ता-प्रकल्पाची आर्थिक छाननी करताना लाभाच्या बाजूला मुख्यतः दोन रकमा मांडतात: वाहन चालविण्याच्या खर्चातील बचत आणि प्रवासाच्या वेळेतील बचत. वेळेची बचत काढायची तर सुधारलेल्या रस्त्यावर वाहने किती वेगाने जातील याचे भाकीत करावेच लागते. त्यासाठी केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने १९७७ ते १९८२ या काळात आपल्या देशात मोठी पाहणी केली. रस्त्याची रुंदी, चढउतार, वळणे आणि खडबडीतपणा यांचा वेगाशी असलेला संबंध त्यात मोजला गेला. अशाच पाहण्या केनिया व ब्राझीलमध्ये झाल्या, आणि त्यांच्या आधारे जागतिक बँकेने वेगाची गणिते बांधली. चढ, उतार, वळण, खडबडीतपणा आणि चालकाची स्वतःची इच्छा, असे पाच अटकाव वेगाला असतात. त्यांतील जो सर्वांत आवळणारा, तो साधारणपणे वेग ठरवितो, हे त्या गणिताचे सार. खडबडीतपणाचा अटकाव काढला की वेग पुढच्या अटकावापर्यंत चढतो, हे त्यात स्पष्टच लिहिलेले आहे.

मग विसंगती पाहा. लाभ दाखवायचा असतो तेव्हा वाढलेला वेग अचूक धरला जातो; वळणाची सुरक्षितता ठरविताना मात्र कोष्टकातला जुनाच वेग पुरेसा मानला जातो. जमेच्या बाजूला एक वेग आणि खर्चाच्या बाजूला दुसरा, अशी वही एखाद्या किराणा दुकानदाराने ठेवली तर कराचा निरीक्षक त्याला सोडणार नाही.

शिवाय जमेची बाजू कोणाची आणि खर्चाची कोणाची? वाचलेल्या वेळेची किंमत सर्वसाधारणपणे प्रवाशाच्या कमाईच्या प्रमाणात धरली जाते. म्हणून मोटारीतल्या माणसाचा तास महाग, एस.टी.तल्या माणसाचा स्वस्त, आणि पायी चालणाऱ्याचा हिशेबात बहुधा नसतोच. उलट वेगाचा धोका मोटारीच्या पत्र्याबाहेर असणाऱ्यांवर पडतो. ३.७५ मीटर रुंदीच्या ग्रामीण मार्गावर समोरासमोर दोन वाहने आली की एकाला साइडपट्टीवर उतरावे लागते. साइडपट्टीवर चालणाऱ्या बाईने मग कोठे उतरायचे? गटारात. स्वीडनमधील गोरान निल्सन यांच्या अभ्यासातून निघालेला आणि जागतिक आरोग्य संघटनेने वारंवार सांगितलेला ठोकताळा असा की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला, तर प्राणघातक अपघात सुमारे चार टक्क्यांनी वाढतात. लाभ एका वर्गाला आणि मृत्यू दुसऱ्या वर्गाला, अशा व्यवहाराला आम्ही निव्वळ लाभ म्हणतो.

कायद्याचा वेग

तिसरा वेग कायद्याचा. मोटार वाहन कायद्याच्या ११२ व्या कलमाखाली केंद्र शासनाने एप्रिल २०१८ मध्ये कमाल वेग ठरवून दिले. द्रुतगती मार्ग, चौपदरी मार्ग आणि पालिका हद्दीतील रस्ते वगळून जे ‘इतर रस्ते’ उरतात, त्यांवर मोटारीची कमाल मर्यादा ताशी ७० ठेवली. मालवाहू गाड्यांची व दुचाकींची ६०. राज्य शासनाला याहून कमी मर्यादा घालण्याचा अधिकार आहे. परंतु जेथे तो वापरला गेला नाही तेथे ताशी ५० साठी आखलेल्या ग्रामीण मार्गावर ७० ने जाणारा मोटारचालक मर्यादा मोडीत नसतो.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवतो. आपल्याच जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यातील आमणे येथे समृद्धी महामार्ग येऊन पोहोचतो. त्याचा शेवटचा तुकडा जून २०२५ मध्ये खुला झाला. या मार्गाची आखणी ताशी १५० साठी आणि हलक्या वाहनांची मर्यादा १२०. म्हणजे तेथे चालकाच्या चुकीला ३० किलोमीटरांची राखीव पुंजी दिलेली आहे. त्याच शहापूर तालुक्यात, त्या महामार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या ग्रामीण मार्गांवर आखणी ५० ची आणि मर्यादा ७० ची. तेथे २० किलोमीटरांची तूट. श्रीमंताच्या रस्त्याला शिल्लक आणि गरिबाच्या रस्त्याला तूट! ही मांडणी कोणी मुद्दाम केलेली नाही, हे मी मान्य करतो. तथापि ती कोणाच्या डोळ्यांना खुपली नाही, हेही तितकेच बोलके आहे.

चौथा वेग, जो कोणी मोजत नाही

आखणीचा, हिशेबाचा आणि कायद्याचा असे तीन वेग झाले. चौथा वेग रस्त्यावरचा, म्हणजे खरा. तो मोजण्याची शासनावर सक्ती नाही, आणि म्हणून तो सहसा मोजला जात नाही.

देशात २०२२ साली रस्ते-अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश मृत्यू ग्रामीण भागात घडले, आणि सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण ‘अतिवेग’ असे नोंदलेले आहे. परंतु अतिवेग म्हणजे कशाहून अधिक वेग? मर्यादेहून, की आखणीहून? शाळेजवळच्या त्या वळणावर चालक ताशी ६५ ने आला असेल, तर कायद्याने तो निर्दोष ठरेल आणि भूमितीने दोषी. ‘अतिवेग’ हा शब्द चालकाच्या माथी मारला की रस्ता सुटतो, आखणारा सुटतो, निविदा काढणारा सुटतो.

बेदरकार चालकाला मी पाठीशी घालतो आहे असे नाही. तो दोषी आहेच. पण सरळ तुकड्यावर बहुसंख्य चालक एका विशिष्ट वेगाने जातात असे दिसत असेल, तर तो वेग हा व्यक्तीचा गुन्हा न राहता रस्त्याचा गुणधर्म होतो. समाजवादी विचाराने आपल्याला जर काही शिकविले असेल तर ते हेच की माणसांची वागणूक परिस्थितीतून घडते, आणि परिस्थिती बदलणे हे सार्वजनिक काम आहे.

यावर उपाय काय? वळणे सरळ करा, हा सोपा वाटणारा उपाय फसवा आहे. वळण सरळ करायला जमीन लागते, आणि केंद्राची ग्राम सडक योजना जमीन घेण्यासाठी पैसा देत नाही. म्हणजे दोन एकरवाल्याच्या बांधातूनच ती ‘स्वेच्छेने’ काढावी लागणार. शिवाय एक वळण सरळ केले की पुढच्या वळणावर गाडी अधिक वेगाने आदळते. जर्मन परंपरेतील अभियंत्यांनी, विशेषतः लाम यांनी, यासाठी एक साधी कसोटी दिली आहे. शंभरातली पंच्याऐंशी वाहने ज्या वेगाच्या आत असतात तो वेग रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यासाठी काढायचा. लगतच्या दोन तुकड्यांतील फरक ताशी १० किलोमीटरांच्या आत असेल तर रस्ता ठीक. १० ते २० असेल तर सुधारणा हवी. २० च्या वर गेला तर आखणीच बदलायला हवी. चालक धोक्यात येतो तो वळणामुळे नव्हे, अनपेक्षित वळणामुळे.

परदेशी सूत्रे आपल्या रस्त्यावर जशीच्या तशी लागू पडणार नाहीत, हे उघड आहे. ती बव्हंशी मोकळ्या रस्त्यावरच्या एकट्या मोटारीसाठी बांधलेली आहेत. आपल्या रस्त्यावर दुचाकी, जीप, टेम्पो, खाणीचे डंपर, एस.टी., गुरे आणि शाळेची मुले एकत्र असतात. म्हणूनच आपले वेग आपण मोजले पाहिजेत. जेथे माणसे चालतात तेथे वेग कमीच हवा असेल, तर तो फलकाने नव्हे, रस्त्याच्या घडणीने कमी झाला पाहिजे. वस्तीच्या तोंडाशी रस्ता अरुंद भासेल अशी रचना, शाळेपूर्वी योग्य मापाचे गतिरोधक, लांब सरळ तुकड्याच्या शेवटी एकाएकी तीव्र वळण येणार नाही अशी आखणी, आणि चालणाऱ्यांसाठी डांबरापासून वेगळी पायवाट, हे सारे थोड्या खर्चात होण्यासारखे आहे.

आपण काय करावे

पहिले काम मोजण्याचे. त्याला यंत्र लागत नाही. रस्त्यालगत नेमके पन्नास मीटर अंतर मोजून दोन खुणा करा. सुरक्षित जागी उभे राहून वाहनाला ते अंतर कापायला लागलेले सेकंद मोबाइलवर मोजा, आणि १८० ला त्या सेकंदांनी भागा; उत्तर येईल तो ताशी किलोमीटरांतला वेग. साडेतीन सेकंद लागले तर वेग पन्नासच्या थोडा वर, अडीच सेकंद लागले तर बहात्तर. एकदा सरळ तुकड्यावर शंभर वाहने मोजा, एकदा वळणावर शंभर. शाळेतला आठवीचा वर्ग हा हिशेब सहज करील.

दुसरे काम ग्रामसभेतले. ग्राम सडक योजनेत आखणी पक्की होण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी गावकऱ्यांसह प्रस्तावित रस्त्यावरून पायी फेरी मारावी अशी तरतूद आहे. या फेरीत अतिक्रमण आणि झाडे यांची चर्चा होते. तेथे आपण एक प्रश्न विचारावा: डांबर पडल्यावर येथे गाड्या किती वेगाने येतील, आणि ते तुम्ही कशावरून ठरविले? शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, मुरबाडचाही काही भाग येतो. तेथे ग्रामसभेचा अधिकार तर अधिकच मोठा आहे.

तिसरे काम कायद्याचे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आले. सुरक्षिततेची मानके न पाळल्याने मृत्यू वा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणेला, ठेकेदाराला किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि निर्णय देताना त्या रस्त्यावर कोणत्या प्रकारची वाहतूक अपेक्षित होती हे न्यायालयाने पाहावे, असे त्यात म्हटले आहे. दंड किरकोळ आहे, पण तत्त्व मोठे आहे. वेगाचे भाकीत न करणे हा यापुढे निष्पाप विसर राहत नाही. आपण मोजलेला वेग लेखी स्वरूपात बांधकाम खात्याला कळविला, तर ‘अपेक्षा नव्हती’ असे म्हणायला कोणाला जागा उरणार नाही.

१९३५ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटारबस वाहतुकीची पाहणी प्रसिद्ध केली होती. धनंजयराव गाडगीळ हे तिचे एक लेखक होते. अर्थशास्त्रज्ञाने रस्त्यावर उतरून मोजावे, ही परंपरा आपल्याच मातीतली आहे. मधल्या काळात आम्ही ती विसरलो.

आणि एक शेवटची गोष्ट, जी आपल्याला टोचेल. मुरबाडच्या रस्त्यावर शनिवारी-रविवारी, विशेषतः पावसाळ्यात, माळशेजकडे धावणाऱ्या गाड्या कोणाच्या असतात? ठाण्याच्या, कल्याणच्या, डोंबिवलीच्या. आपल्याच. गेल्या वर्षी त्या विद्यार्थ्याच्या गावी जाताना मी माझ्या भाच्याच्या गाडीत होतो. रस्ता सुरेख होता, गप्पा रंगल्या होत्या. शाळेजवळचे ते वळण येऊन गेले आणि मला ते उशिरा कळले. मी वेगाच्या काट्याकडे पाहिले, तेव्हा तो ६० च्या वर होता. भाचा बेदरकार नाही, मीही अनभिज्ञ नव्हतो. तो वेग आम्हाला त्या रस्त्याने दिला होता. त्या दिवशी साइडपट्टीवर कोणी नव्हते, एवढाच काय तो फरक.